वाचन मोजायचं की पाठांतर?

संशोधनात मोजमापाचं साधन निवडताना आपण घाई करतो. ही घाई किती महागात पडते, ते मुलांच्या वाचनचाचणीच्या इतिहासात बघा.

१८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये ‘रिवाइज्ड कोड’ आला. शाळेचं सरकारी अनुदान मुलांच्या परीक्षेवर ठरू लागलं. वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी एकात मूल नापास झालं, की २ शिलिंग ८ पेन्स गेले. खालच्या इयत्तांत इन्स्पेक्टर शाळेतल्याच पुस्तकातला उतारा वाचून घ्यायचे. मग शाळांनी काय केलं? पुस्तकच घोकून घेतलं! स्वतः इन्स्पेक्टर असलेले कवी मॅथ्यू अरनॉल्ड यांनी या यांत्रिकपणावर टीका केली. कागदावर वाचन होतं, मोजली जात होती स्मरणशक्ती.

याउलट रचना आपल्याकडे दिसते. २००५ मध्ये ‘प्रथम’ने ग्रामीण भारतात ‘असर’ पाहणी सुरू केली. कार्यकर्ते घरी जाऊन एकेका मुलाला अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. निकालावर शाळेचे पैसे अवलंबून नसतात, त्यामुळे घोकून घेण्यात कुणाचा फायदा नाही. २०१८ मध्ये पाचवीतली जेमतेम निम्मी मुलं ती गोष्ट वाचू शकली. अर्थात, मोठ्याने वाचता येणं आणि अर्थ कळणं या दोन गोष्टी आहेत. ही चाचणी मुख्यतः पहिली तपासते.

तेव्हा प्रश्नावली हातात घेण्याआधी दोन गोष्टी वहीत लिहा: हे साधन नेमकं काय मोजतं? आणि निकालावर कुणाचं काय अवलंबून आहे?