खाजणांतील नत्र : दोन साक्षींचा विचार

सारख्याच योग्यतेचे दोन लेख परस्परविरुद्ध बोलूं लागले म्हणजे त्यांपैकीं एकास बनावट ठरविण्याचा मोह संशोधकास होतो. असेंच एक प्रकरण आम्हांस दप्तरांत नव्हे, तर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या खाजणांत आढळलें, तें येथें मांडतों. ('खाजण' हा कोंकणचा शब्द आम्ही सोयीसाठीं योजिला, तेथें तिवरें नाहींत, स्पार्टिना जातीचीं गवतें आहेत.)

त्या किनाऱ्यावर न्यूबरी गांव १६३५ सालीं वसलें, आणि वसाहतवाले हें गवत गुरांच्या वैरणीसाठीं कापूं लागले. १९३० नंतर डांसांच्या नाशासाठीं खाजणांत चर खणले गेले. १९६३ मध्यें संस्थानानें कायदा करून खाजणांवर भराव घालण्यास आळा घातला. परंतु कायद्यास भराव दिसतो, पाण्यांत विरलेला नत्र दिसत नाहीं. १९१३ सालीं जर्मनींतील ओप्पाउ येथें हवेंतील नत्रापासून अमोनिया करण्याचा कारखाना सुरू झाला होता. त्या रीतीनें केलेल्या खतांतील नत्र पुढें शेतांतून, व अन्नावाटें मैल्यांतून, समुद्राकडे वाहूं लागला.

पहिली साक्ष फाल्मथजवळील ग्रेट सिपविसेट खाजणाची. तेथें १९७० च्या सुमारास इव्हान व्हालिएला व जॉन टील यांनीं दहा मीटर त्रिज्येचे गोल तुकडे आंखून त्यांवर मैल्याच्या गाळापासून केलेलें खत टाकण्यास आरंभ केला. गवत भरघोस वाढलें व नत्राचा बराच भाग तेथेंच अडकला. खाजण सांडपाणी शुद्ध करील ही आशा यामुळें बळावली.

दुसरी साक्ष न्यूबरीच्या बाजूची, प्लम आयलंड खाडीची. लिंडा डीगन व त्यांचे सहकारी यांनीं २००४ पासून खाजणांतील ओहोळांत चढत्या भरतीच्या पाण्यांत नायट्रेट मिसळलें, व नऊ वर्षांच्या प्रयोगाचा वृत्तांत २०१२ सालीं 'नेचर' पत्रांत दिला. येथेंही पातीं आरंभीं वाढलीं. पण अन्न आयतें मिळाल्यानें मुळ्या कमी झाल्या, आणि जमिनींतील सूक्ष्म जंतूंनीं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या मुळ्यांचा थर, अधिक वेगानें कुजविला. वरचा भार वाढला, खालचा आधार सुटला. ओहोळांचे कांठ भेगाळले, ढांसळले, व गवताच्या जागीं उघडा चिखल आला.

आमच्या मतें दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. पहिल्या प्रयोगांत कोरडें खत वरून पृष्ठभागावर पडलें. दुसऱ्यांत विरलेलें नायट्रेट पाण्यावाटें थेट कांठापर्यंत गेलें. शिवाय प्लम आयलंडची भरती सिपविसेटपेक्षां उंच. मुख्य भेद मात्र प्रश्नाचा आहे. पहिल्यांनीं गवत किती वाढतें व नत्र किती राहतो हें विचारलें. कांठ टिकतो काय, हें दुसऱ्यांच्या प्रयोगानें दाखविलें. जें विचारलेंच नाहीं, त्याबद्दल पहिल्या साक्षीस दोष देतां येत नाहीं. दोष असलाच तर तिच्या आधारावर खाजणास मैल्याची गाळणी समजणाऱ्यांचा.

कांठाबरोबर जातें तें केवळ गवत नव्हे. पीटच्या थरांत शतकानुशतकांचे पराग व सूक्ष्म जीवांचीं कवचें साठलेलीं असतात. त्यांवरून पूर्वींची समुद्रपातळी ताडतां येते. कसरीनें खाल्लेलें दप्तर ज्यांनीं उघडलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको.

२०२३ सालीं संस्थानानें केप कॉडवरील, म्हणजे फाल्मथकडील, घरगुती शौचकुंडांच्या नत्रासंबंधीं नियम कडक केले. भरावाचा कायदा होऊन तोंवर साठ वर्षें लोटलीं होतीं.