खडीच्या ढिगापासून कायद्यापर्यंत



माझ्या सासूबाईंच्या डाव्या हाताचं एक बोट वाकडं आहे. विचारलं की म्हणतात, "ते बाहत्तर सालचं." दुष्काळी कामावर खडी फोडताना हातोडी बोटावर बसली होती. बाहत्तर सालचं असं काही ना काही आपल्या पुष्कळ घरांत आहे. कुणाला रेशनच्या लाल मिलोची भाकरी आठवते, कुणाला कामावर वाटलेली सुकडी. आज त्या सालाची गोष्ट सांगते, पण नुसत्या दुष्काळाची नाही. त्या खडीच्या ढिगांतून पुढं एक कायदा निघाला, त्याची.

१९७० पासून पाऊस हुकत गेला आणि १९७२ ला पार हुकला. विहिरी आटल्या, जनावरं मातीमोलानं गेली. गावात काम म्हणजे शेतातलंच काम. शेत पिकलं नाही की मजुरीही संपली. दुकानात धान्य असलं तरी ते घ्यायला हातात पैसा हवा ना! म्हणून सरकारनं ठिकठिकाणी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नाल्यांवरचे बांध. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती. त्यात बाया किती होत्या हे आपल्या आज्यांना विचारा. झाडाला झोळी बांधून लेकरू टाकायचं आणि उन्हात घमेली वाहायची.

अशी कामं दुष्काळापुरती असतात. पाऊस पडला की बंद. पण दुष्काळाच्या आधीपासूनच सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे एक वेगळं म्हणणं मांडत होते. ते विधान परिषदेचे सभापती होते. जो काम मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, दुष्काळ असो वा नसो, असं त्यांचं म्हणणं. तासगाव तालुक्यात त्याचा छोटा प्रयोगही झाला होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ मध्ये त्यातूनच रोजगार हमी योजना आली. १९७७ मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांच्या आणि धंदेवाल्यांच्या खिशातून. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. तो जेवढा जमेल तेवढीच रक्कम सरकारनं आपल्याकडून घालायची, असं ठरलं. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रुपयातून आपल्याकडचा बांध झाला, हे मला अजून नवलाचं वाटतं.

बायांच्या दृष्टीनं खरी गोष्ट मापाची होती. शेतावर गड्याला एक रोज आणि बाईला त्याहून कमी, ही रीत आपल्याला नवी नाही. हमीच्या कामावर रोज नव्हता, माप होतं. इतकी माती उचलली, इतकी खडी फोडली, त्याचे इतके पैसे. ढीग बाईनं फोडला की गड्यानं, दर एकच. आणि शेतावर कमी रोज सांगितला तर "मग आम्ही हमीवर जातो" असं म्हणता येऊ लागलं. शेतमजूर बाईच्या तोंडी हे वाक्य त्याआधी कुठलं असायला?

पण माप म्हटलं की मोजणारा आला. टेप कसा धरला यावर आठवड्याचा पगार ठरायचा. खोदाईला पुष्कळ ठिकाणी जोडी लागायची. गड्यानं खणायचं, बाईनं वाहायचं, आणि मग दोघांचे पैसे त्याच्याच हातात. एकट्या बाईला जोडी मिळणं अवघड. कामाला यावं तर पाळणाघर हवं, तेही बहुतेक कागदावरच. कायद्यात भत्ताही होता: अर्ज करून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर रोज किमान एक रुपया. तो मिळालेली बाई मला तरी भेटलेली नाही.

१९८८ मध्ये मजुरीचा दर दुप्पट झाला. चांगलंच झालं, पण त्यानंतर हमीवरची हजेरी घसरली. अभ्यासकांनी हिशेब करून दाखवलं की लोकांना काम नको झालं नव्हतं, कामंच पुरेशी उघडली जात नव्हती. दर वाढला आणि दार अरुंद झालं.

खानापूर तालुक्यातली गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १९८२ च्या संपात मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या आणि कामगार गावी परतले. इथं पाहतात तो दुष्काळ, आणि घरची माणसं हमीवर खडी फोडतायत. त्यांच्यातूनच मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. मजूर विचारू लागले: वर्षानुवर्षं खडीच का फोडायची? रस्ता झाला, पाणी कुठाय? पाण्याची कामं द्या. त्यातून येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. नदीची वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला. पाण्याचा वाटा भूमिहीन घरांनाही, असं ठरवलं. ज्याला शेतच नाही त्यालाही पाणी! पुष्कळांना ते पटलं नव्हतं.

२००५ मध्ये दिल्लीत देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. आपल्याकडे त्या आधी पंचवीसेक वर्षं कायदा होता. काम मागायला नमुना ४ चा अर्ज भरायचा आणि त्याची पोच घ्यायची. पोच नसेल तर भत्ता मागायला आधार काय? मी सासूबाईंना विचारलं, तुम्ही किती वेळा भरला? त्या इतकी वर्षं हमीवर गेल्या, दोन पाझर तलावांवर आणि एका रस्त्यावर.

त्या म्हणाल्या, "कसला नमुना? मुकादम म्हणाला या, म्हणून गेलो. तो म्हणाला संपलं, म्हणून घरी आलो."