आपल्या आधी येथे कोण होते?

येडशीच्या रामलिंगाला श्रावणात गर्दी फार. पण मला विचाराल तर तेथे जावे दिवाळीच्या सुट्टीत. पाऊस सरलेला असतो, बालाघाटाच्या कडा अजून हिरव्या असतात आणि देवळाभोवती माकडांचे राज्य असते. गेल्या दिवाळीत घरची मुले घेऊन गेलो होतो. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूने अडविले ते याच ठिकाणी, ही आमच्याकडची पिढीजात श्रद्धा मी त्यांना सांगितली. त्यावर एका नातवाने विचारले, "आजोबा, हे केव्हा झाले?"

"फार पूर्वी."

"म्हणजे किती पूर्वी?"

पुराणांना हा प्रश्न विचारावयाचा नसतो, असे सांगून मी वेळ मारून नेली. पण थोड्या वेळाने त्याने ओढ्यातला एक काळा, कडा उडालेला दगड आणून माझ्या हातावर ठेवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. दगड बहुधा पाण्याच्या लोटाने फुटलेला असावा. परंतु मांजरेच्या खोऱ्यात, जेथे आमची तेरणा जाऊन मिळते, अश्मयुगातील माणसाची हत्यारे आणि हत्ती, रानबैल यांची अश्मीभूत हाडे सापडलेली आहेत. ती हत्यारे कोणाच्या हातची? आपल्यासारख्या माणसाच्या, की आपल्या आधी पृथ्वीवर नांदून गेलेल्या दुसऱ्याच कोणा मानवाच्या? आणि एकाची जागा दुसऱ्याने घेतली ती केव्हा?

या प्रश्नाची सुरुवात जर्मनीत झाली. १८५६ साली ड्युसेलडॉर्फ शहराजवळच्या निआंडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीतील मजुरांना एका गुहेत काही हाडे मिळाली. कवटीचा माथा ठेंगणा, भुवयांवर हाडाची जाड कमान. खोऱ्यास हे नाव सतराव्या शतकातील योआखिम निआंडर या भजनकर्त्या धर्मोपदेशकावरून पडलेले. त्याच्या घराण्याचे मूळ आडनाव नॉयमान. त्याचे आजोबांनी ग्रीक रूपांतर करून निआंडर केले. दोहोंचा अर्थ एकच, 'नवा माणूस'! ज्या मानवास आपण जुना म्हणतो, त्याच्या नावातच नवा माणूस बसला आहे.

दुसरा योगायोग आपल्या देशाशी संबंध ठेवणारा आहे. हा मानव आपल्याहून निराळ्या जातीचा आहे असे ठरवून त्याला शास्त्रीय नाव देण्याचा प्रस्ताव १८६३ साली मांडला तो आयर्लंडमधील गॉलवे येथील प्राध्यापक विल्यम किंग यांनी. त्याच वर्षी, मे महिन्यात, रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार मिळाले आणि भारतात अश्मयुग होते हे सिद्ध झाले. सप्टेंबरात फूट अत्तिरमपाक्कम येथे पोहोचले. तेथे त्यांच्याबरोबर भूगर्भ खात्यातला जो तरुण सहकारी होता त्याचेही नाव विल्यम किंग. तो त्या प्राध्यापकांचाच मुलगा! बाप तिकडे हाडांना नाव देत होता आणि मुलगा इकडे हत्यारे वेचीत होता. दुर्दैव असे की बापाजवळ हाडे होती, मुलाजवळ फक्त दगड. आणि दीडशेहून अधिक वर्षे उलटली तरी आपली स्थिती फारशी बदललेली नाही.

युरोपात हाडे विपुल मिळाली, म्हणून तेथे काळ मोजता आला. तो कसा मोजतात हे मुलांना समजावे म्हणून मी घरी आल्यावर फराळाचा डबा पुढे ओढला. समजा, डब्यात १२८ चकल्या आहेत आणि रोज उरलेल्यांपैकी निम्म्या संपतात. पहिल्या दिवसाअखेर ६४, मग ३२, १६, ८, ४, २ आणि सातव्या दिवशी एक. डब्यात किती उरल्या हे पाहून किती दिवस गेले हे सांगता येईल. प्रत्येक सजीवाच्या शरीरात किरणोत्सर्गी कर्ब थोडासा असतो. जीव गेला की नवा कर्ब मिळणे बंद होते आणि असलेला दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. विलर्ड लिबी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४९ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली आणि १९६० साली नोबेल पारितोषिक मिळविले. चकल्यांचा एक दिवस म्हणजे ५,७३० वर्षे. सात दिवस म्हणजे सुमारे ४० हजार वर्षे.

आता गंमत पहा. सातव्या दिवशी डब्यात एकच चकली आहे आणि कोणी शेजारीण येऊन त्यात आणखी एक ताजी चकली टाकून गेली. मोजणारा म्हणेल, दोन आहेत, म्हणजे सहाच दिवस झाले. एका चकलीने पावणेसहा हजार वर्षांचा घोटाळा! निअँडरथल मानवाच्या हाडांचे नेमके असेच झाले. मातीतला, हाताळणाऱ्यांच्या हातांचा, डिंकाचा नवा कर्ब हाडात शिरला. क्रोएशियातील विंडिया गुहेतली हाडे प्रथम २८-२९ हजार वर्षांची ठरली होती. शुद्धीकरणाच्या नव्या पद्धतीने ती ४० हजारांच्याही मागे गेली. बेल्जमच्या स्पी गुहेतील एका हाडात तर चक्क गाईबैलांचा अंश निघाला. गुरांच्या हाडांपासून केलेल्या सरसाने ते जोडले असावे! म्हणजे काही अंशी सरसाचेच वय मोजले गेले. २०१४ साली ऑक्सफर्डच्या टॉमस हायम यांनी युरोपभरच्या स्थळांचे मापन नव्याने केले. निष्कर्ष असा, की ४१ ते ३९ हजार वर्षांपूर्वी निअँडरथल मानव युरोपातून नाहीसा झाला आणि त्याआधी सुमारे अडीच ते साडेपाच हजार वर्षे तो आणि आपले पूर्वज त्या खंडात एकाच काळी राहत होते. शिवरायांपासून आजपर्यंतचा काळ साडेतीनशे वर्षांचा, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढ्या सहवासाची कल्पना येईल.

आपल्याकडे काय? दख्खन सगळा काळ्या खडकाचा. हाडे सांभाळणाऱ्या चुनखडीच्या गुहा येथे नाहीत. धाराशिवची लेणी आहेत ती माणसाने कोरलेली. सबंध भारतात या प्राचीन मानवाची मोठी कवटी मिळाली ती एकच. १९८२ च्या डिसेंबरात अरुण सोनकिया यांना ती नर्मदाकाठी हथनोरा येथे मिळाली आणि ती कोणत्या जातीची यावर पंडितांचे आजतागायत एकमत नाही. निअँडरथल मानवाचे हाड भारतात मिळालेले नाही. मात्र तो युरोपात ज्या धर्तीची छिलक्यांची हत्यारे करी तशी हत्यारे येथे भरपूर आहेत. प्रा. हसमुख सांकलिया यांना १९५४ साली ती नेवाशास प्रवरेच्या थरांत मिळाली. ज्ञानेश्वरीच्या गावी अश्मयुग भेटावे, हे आपल्या भूमीला साजेसेच आहे. अत्तिरमपाक्कमला तर शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांनी २०१८ साली दाखवून दिले की ही धर्ती तेथे पावणेचार लाख वर्षांहूनही जुनी आहे. पण दगडावर कारागिराची सही नसते.

हाडे नाहीत, तेव्हा राखेकडे वळावे लागले. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गाव आहे. तेथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्याजवळ दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. महाराष्ट्रात त्या काळी ज्वालामुखी कोठला? राख आली होती सुमात्रा बेटातील टोबा पर्वतावरून, समुद्र ओलांडून. १९८० च्या दशकात तिचे वय निघाले १४ लाख वर्षे. पुढे ते पावणेसात लाखांवर आले. मग काही संशोधक म्हणाले, ही राख ७५ हजार वर्षांपूर्वीच्या टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची. त्यानंतरच्या मापनात पुन्हा सुमारे ८ लाख! राख एक आणि वये चार. हसू येईल, पण यात सारा इतिहास अडकला आहे. राख ७५ हजारांची ठरली, तर हातकुऱ्हाडी वापरणारे जुने मानव आपल्या पूर्वजांच्या आगमनापर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी नांदत होते असे म्हणता येईल. ८ लाखांची ठरली तर त्या भेटीशी बोरीचा काही संबंध उरत नाही. मला स्वतःला ८ लाखांची बाजू अधिक बळकट वाटते.

टोबाची ती धाकटी राख आंध्रातील ज्वालापुरम येथे निःसंशय आहे. धारवाडचे रवी कोरिसेट्टर आणि मायकेल पेट्राग्लिया यांना तेथे राखेच्या खाली आणि वर सारख्याच धाटणीची हत्यारे मिळाली. २००७ साली त्यांनी प्रतिपादन केले की आपल्यासारखी माणसे स्फोटापूर्वीच भारतात आली असावीत. केंब्रिजचे पॉल मेलर्स यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते आपले पूर्वज आले ते ६० हजार वर्षांच्या अलीकडे.

हा वाद दगडांनी मिटला नाही. त्यात रक्ताने साक्ष दिली. स्वान्ते पेबो यांनी २०१० साली निअँडरथल मानवाचा आनुवंशिक लेख वाचून दाखविला. (त्यांना नोबेल मिळाले २०२२ साली.) त्यावरून कळले की आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात एक-दोन टक्के अंश निअँडरथलचा आहे. आपणा सर्वांतही आहे. २०२० च्या साथीत करोनाचा आजार बळावण्याशी ज्याचा संबंध दिसला असा एक अंश त्याच्याकडूनच आला असून दक्षिण आशियातील जवळजवळ निम्मी माणसे तो बाळगून आहेत. हा संकर झाला तो ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान, बहुधा पश्चिम आशियात. मग सरळ हिशेब असा, की तो अंश अंगात घेऊन आलेले आपले मुख्य पूर्वज त्याआधी येथे पोहोचलेले असू शकत नाहीत. ज्वालापुरमच्या राखेखाली हत्यारे टाकून गेलेले लोक आपल्यासारखे असले तरी त्यांचे रक्त आपल्यात उरले असेल तर नावापुरतेच. त्यांचे पुढे काय झाले, हे राखेला विचारून कळत नाही.

ज्यांच्याविषयी शंका नाही असे लोक भेटतात ते खानदेशात. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे हे गाव भास्कराचार्यांच्या नातवाने तेथे स्थापिलेल्या मठाच्या शिलालेखामुळे प्रसिद्ध आहे. तेथेच १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. बारीक पात्यांची हत्यारे निघाली, मणी निघाले आणि निघाला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा. होय, शहामृग तेव्हा महाराष्ट्रात हिंडत असे! त्या तुकड्यावर समांतर रेघा ओढून त्यांच्यामध्ये आडवीतिडवी जाळी कोरलेली आहे. कर्बाच्या पद्धतीने तो २५ हजार वर्षांचा ठरला.

हे सांगून होताच नातू डब्याकडे पाहत बोटांवर मोजू लागला. २५ हजार म्हणजे चार दिवस आणि वर थोडे. "आजोबा," तो म्हणाला, "म्हणजे अजून सहा चकल्या शिल्लक आहेत."