ट्रॅव्हल, एजंट आणि राजापूरची वखार

मंडळी, आज आपण रोजच्या तोंडातले दोन इंग्रजी शब्द घेऊ : ट्रॅव्हल आणि एजंट.

ट्रॅव्हल हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ कष्ट, यातना. त्याच्याही मुळाशी लॅटिन 'त्रिपालियम' आहे, असे भाषाभ्यासक मानतात. म्हणजे काय, तर तीन खुंटांचे, माणसाला छळायचे साधन! 'जर्नी'चा मूळ अर्थ एका दिवसाची मजल. आपण 'मजल दरमजल' म्हणतो ना, तसेच.

आता एजंट. लॅटिनमध्ये 'आगेरे' म्हणजे करणे, हाकणे. एजंट म्हणजे करणारा. त्याचाच जुना भाऊबंद 'फॅक्टर', म्हणजेही करणाराच. कंपनीसाठी परमुलखात खरेदी-विक्री करणारे ते फॅक्टर, आणि ते राहत ती फॅक्टरी. तिथे कारखाना नव्हता. म्हणून आपल्या लोकांनी तिला 'वखार' म्हटले, आणि ते अगदी बरोबर होते.

पण करणारा एक आणि मालक दुसरा असला, की प्रश्न येतो : जबाबदार कोण? १६६० साली सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा होता. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तिथे तोफा घेऊन गेला, आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर गोळे टाकले. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर लुटले आणि वखारीतल्या इंग्रजांना कैद केले. कैद्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणे केले. उत्तर काय आले? तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेलेला नाहीत, पन्हाळ्यावर गोळे टाकलेत त्याची ही फळे आहेत! १६६३ मध्ये ते सुटले.

पुढे ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी इंग्लंडमध्ये लेस्टरहून लाफबरोला सुमारे पाचशे माणसे रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग. दारूबंदीची सभा होती. तिकीट, गाडी, सगळी यातायात त्यांनी पत्करली. ट्रॅव्हलमधली यातना एजंटने आपल्या अंगावर घेतली, असे म्हणू या.

आज आपण एजंटच्या हाती पैसे आणि पासपोर्ट देतो, तेव्हा 'करणारा' कोण ते कळते. काम बिघडले तर निस्तरणार कोण, हे मात्र शब्द सांगत नाही. ते आपणच आधी विचारून घ्यायचे असते.