संत झेवियर यांचे अश्रू

मुलगी मठात प्रवेश करते, मुलगा नोकरीसाठी परदेशी जातो, धर्मगुरूंची बदली होते. निरोपाच्या वेळी डोळे भरून आले की, ‘श्रद्धावंताने रडू नये’ असे कोणीतरी म्हणतेच. संतांच्या कथांनी आपली तशी समजूत करून दिली आहे. संत फ्रान्सिस झेवियर रोमहून लिस्बनला जाताना आपल्या गावाजवळून गेले, पण आईला न भेटताच पुढे निघाले, अशी एक कथा आहे. वास्तविक त्यांच्या मातोश्री १५२९ सालीच निवर्तल्या होत्या.

खरा निरोप निराळाच होता. पोर्तुगालच्या राजाच्या विनंतीवरून हिंदुस्थानात जाण्यासाठी निकोलस बोबादिया यांची निवड झाली होती. ते आजारी पडले आणि संत इग्नेशियस यांनी झेवियरना पाठविण्याचे ठरविले. एक-दोन दिवसांतच, मार्च १५४० मध्ये, झेवियरनी रोम सोडले. पॅरिसला एकाच खोलीत राहिलेले हे मित्र पुन्हा कधीच भेटले नाहीत. ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघालेले झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले.

मे १५४६ मध्ये मोलुक्का बेटांतील अंबोइनाहून त्यांनी युरोपातील बांधवांना पत्र लिहिले. त्यांच्या पत्रांतील सह्या आपण कापून घेतल्या असून आपल्या व्रतांच्या प्रतिज्ञेसोबत त्या सतत जवळ बाळगतो, असे त्यांनी कळविले. जानेवारी १५५२ मध्ये इग्नेशियस यांना लिहिताना, त्यांच्या पत्राचा शेवट वाचून आपणांस अश्रू आले, हेही त्यांनी लपविले नाही.

एकीकडे व्रत, दुसरीकडे मित्रांच्या सह्या, दोन्ही एकत्रच! व्रताने मर्यादा घातली, माया पुसली नाही. मायेने डोळ्यांत पाणी आणले, पण पाऊल मागे वळविले नाही. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाचा निरोप घेताना इफिसचे वडीलही त्याच्या गळ्यात पडून रडले आणि मग त्याला तारवापर्यंत पोहोचवावयास गेले.

२८ जून १५५३ रोजी इग्नेशियस यांनी झेवियरना युरोपात परत बोलाविणारे पत्र लिहिले. परंतु चीनच्या किनाऱ्याजवळील शांगचुआन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीच झेवियर प्रभूघरी गेले होते. रोमला त्याची वार्ता नव्हती.

जुन्या गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांसमोर आपण गुडघे टेकतो, तेव्हा कागदाच्या त्या कपट्यांचीही आठवण ठेवावी. निरोप देताना अश्रू येतात, ते येऊ द्यावेत. जाणाऱ्याची वाट मात्र अडवू नये.