हैदराबाद संस्थानातील पक्षी-सर्वेक्षण (१९३१-३२) आणि एका दांपत्याची छावणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

रानावनात तंबू ठोकून वन्यजीवांचे निरीक्षण करणारे पती-पत्नी म्हटले की सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आफ्रिकेचे चित्र उभे राहते. कालाहारीचे वाळवंट, धुळीने माखलेली जीप, रात्री शेकोटीपलीकडे चमकणारे डोळे ही दृश्ये पुस्तकांनी व दूरचित्रवाणीने घरोघर पोहोचविली आहेत. तथापि अशा प्रकारच्या सहजीवनाचा आणि सहकार्याचा एक महत्त्वाचा अध्याय मराठवाडा ज्या राज्याचा भाग होता, त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानातही घडला. डॉ. सलीम अली व त्यांच्या पत्नी तेहमिना यांनी १९३१-३२ मध्ये या संस्थानात केलेली पक्षी-सर्वेक्षणाची भ्रमंती हा तो अध्याय होय.

भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात या सर्वेक्षणाचा उल्लेख सलीम अलींच्या कारकिर्दीतील एक टप्पा म्हणून येतो. मराठवाड्याच्या प्रादेशिक इतिहासात तर तो जवळजवळ येतच नाही. प्रस्तुत लेखात या घटनेचा विचार तीन अंगांनी केला आहे : संस्थानी काळातील छावणीची परंपरा, शास्त्रीय छावणीतील स्त्रीचा सहभाग आणि हट्टा (ता. वसमत, जि. हिंगोली) यांसारख्या गावांच्या परिसर-इतिहासासाठी या सर्वेक्षणाचे महत्त्व.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हट्टा हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात मोडते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. १९३१ साली मात्र परभणी, वसमत, हिंगोली हा सर्व प्रदेश हैदराबाद संस्थानाच्या मराठवाडा विभागात होता. सुमारे ८२,७०० चौरस मैल क्षेत्रफळाच्या या संस्थानावर मीर उस्मान अली खान यांची सत्ता होती. पूर्वेकडे तेलंगणातील सागवानी जंगले, दक्षिणेकडे कृष्णा-तुंगभद्रेचा प्रदेश आणि पश्चिमेकडे गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन व माळराने असे त्याचे भौगोलिक वैविध्य होते.

या प्रदेशाला तंबूची छावणी नवी नव्हती. हिंगोली हे एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंट या सैन्याचे ठाणे होते. जालना येथेही लष्करी छावणी होती. अशा छावण्यांतील इंग्रज अधिकाऱ्यांच्या फुरसतीचा मोठा भाग शिकारीत जाई. महसुली अधिकाऱ्यांचे दौरेही तंबूतूनच होत. संस्थानातील अमीर-उमरावांच्या शिकारी तर लवाजम्यासह निघत. रान उठविणारे हाकेकरी, स्वयंपाकी, घोडे आणि गाड्या असा त्यांचा थाट असे. थोडक्यात, रानातील तंबू हे सत्तेचे चिन्ह होते. गावकऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेठबिगार, रसद पुरविण्याची सक्ती आणि हाकाऱ्याला जाण्याचा हुकूम असाच होता.

निसर्गाच्या अभ्यासाची परंपराही याच छावण्यांतून उगम पावली. लष्करी डॉक्टर असलेल्या टी. सी. जर्डन यांनी नोकरीनिमित्त दक्षिण भारतात व दख्खनमध्ये फिरताना पक्ष्यांच्या नोंदी केल्या आणि १८६२ ते १८६४ या काळात भारतीय पक्ष्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु असे अभ्यास व्यक्तीच्या बदलीवर व आवडीवर अवलंबून होते. संपूर्ण संस्थानाचा पद्धतशीर पक्षी-अभ्यास १९३१ पर्यंत झालेला नव्हता.

सर्वेक्षणामागील कारणे

सलीम अली (१८९६-१९८७) यांचा जन्म मुंबईचा. बालपणीच आई-वडील वारल्यामुळे ते खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. त्यांनी नेमबाजीत मारलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटविण्याच्या निमित्ताने ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. पुढे ब्रह्मदेशात कौटुंबिक व्यवसायात काही वर्षे काढल्यावर डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गेतिहास विभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून त्यांना नोकरी मिळाली. १९२९ च्या सुमारास त्यांनी बर्लिन येथे एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली प्रशिक्षण घेतले. परत आल्यावर निधीअभावी त्यांचे पदच रद्द झाले.

या बेकारीच्या काळात हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. तेथेच सुगरण पक्ष्याच्या विणीचे सलीम अलींचे प्रसिद्ध निरीक्षण झाले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते आणि त्यानंतर नर दुसरे घरटे बांधून दुसऱ्या मादीस आकर्षित करतो, हा क्रम त्यांनी प्रत्यक्ष पाहून मांडला. कातड्यांच्या संग्रहावर आधारलेल्या तत्कालीन पक्षिशास्त्रात जिवंत पक्ष्याच्या वर्तनाचा असा अभ्यास विरळा होता. नोकरी नसणे ही आपत्ती त्यांच्या शास्त्रीय आयुष्याची दिशा ठरविणारी घटना ठरली. मात्र हे घडू शकले ते उत्पन्नाची शाश्वती नसताना गावात राहण्यास पत्नीने दिलेल्या संमतीमुळे, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

याच सुमारास संस्थानिकांच्या अर्थसाह्याने त्यांच्या प्रदेशांतील पक्ष्यांचे सर्वेक्षण करण्याची योजना पुढे आली. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ ही संस्थाने पुढील काळात या कार्यक्रमात आली. त्यांपैकी हैदराबादचे सर्वेक्षण हा आरंभीचा प्रयोग होता. इंग्लंडमधील पक्षिशास्त्रज्ञ ह्यू व्हिसलर यांनी नमुन्यांच्या वर्गीकरणाची बाजू सांभाळली.

छावणीचे स्वरूप आणि कार्यपद्धती

पक्षी-सर्वेक्षणाची छावणी आणि शिकारीची छावणी यांत बाह्यतः साम्य असले तरी त्यांचे प्रयोजन भिन्न होते. शिकारीला मोठा प्राणी हवा असतो. सर्वेक्षकाला वटवट्यापासून माळढोकापर्यंत प्रत्येक पक्ष्याची नोंद हवी असते. त्यासाठी एका ठिकाणी काही दिवस मुक्काम, मग पुढील भूप्रदेशात हलणे असा क्रम आवश्यक ठरतो. पहाटे निरीक्षण व नमुने गोळा करणे, उन्हे चढल्यावर पक्षी सोलणे, कातडीस विषारी साबण लावून ती भरणे व वाळविणे, प्रत्येक नमुन्याच्या पायाला स्थळ, दिनांक, नर की मादी, जननेंद्रियांची अवस्था इत्यादी तपशिलांची चिठ्ठी बांधणे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे लिहिणे असा हा दिनक्रम असे. उष्ण हवामानात पक्ष्याचे शरीर काही तासांतच खराब होते. म्हणून वेळेची शिस्त पाळली नाही तर दिवसाचे श्रम वाया जात.

या पद्धतीचा अर्थ आज नीट समजून घेतला पाहिजे. पक्षिप्रेमाने ओळखले जाणारे सलीम अली या काळात पक्षी मारीत होते, ही गोष्ट काहींना विसंगत वाटते. परंतु दुर्बिणी मर्यादित, छायाचित्रण अवघड आणि उपजातींची ओळख पिसांच्या सूक्ष्म फरकांवर अवलंबून असलेल्या त्या काळात नमुना हाच पुरावा मानला जाई. सलीम अलींचे वेगळेपण असे की, नमुन्याबरोबरच अधिवास, खाद्य, विणीचा हंगाम यांच्या नोंदींवर त्यांनी भर दिला. या सर्वेक्षणाचे अहवाल १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाले. पुढे एस. डिलन रिप्ले यांच्यासमवेत १९६८ ते १९७४ या काळात सिद्ध झालेल्या दहा खंडांच्या ग्रंथामागे अशाच प्रादेशिक सर्वेक्षणांचा आधार उभा आहे.

तेहमिना यांचा सहभाग आणि इतिहासलेखनातील मौन

तेहमिना या आरंभीच्या सर्वेक्षणांत पतीबरोबर होत्या. शहरी, सुसंस्कृत घराण्यात वाढलेल्या व साहित्याची आवड असलेल्या या स्त्रीने मुंबईतील सुखसोयी बाजूला सारून तंबूतील जीवन पत्करले. पक्ष्यांमागे दिवसभर हिंडणाऱ्या संशोधकाच्या छावणीत पाणी, शिधा, नोकरमाणसे, मुक्काम हलविण्याची सिद्धता या गोष्टींची घडी बसलेली असावी लागते. ती विस्कटली तर शास्त्रही विस्कटते. १९३९ मध्ये एका किरकोळ समजल्या गेलेल्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. सलीम अली या आघाताने कोलमडले. त्यानंतर ते आपल्या बहिणीकडे व मेव्हण्यांकडे राहावयास गेले. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सर्वाधिक लोकप्रिय पुस्तक १९४१ साली निघाले. ते पाहण्यास तेहमिना हयात नव्हत्या.

येथे साधनांविषयी एक प्रश्न उपस्थित होतो. तेहमिना यांची जी ओळख सर्वसामान्य वाचकाला होते, ती मुख्यत्वे पतीच्या आत्मचरित्रातून होते. हे आत्मचरित्र १९८५ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ४६ वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्यातील कृतज्ञता निःसंशय आहे. तरीही स्मृतीतून उमटलेली पत्नी आणि प्रत्यक्ष छावणीत वावरणारी सहकारी यांत अंतर असू शकते. शास्त्रीय अहवालावर निरीक्षकाचे आणि वर्गीकरण करणाऱ्याचे नाव येते. ज्यांच्या श्रमावर निरीक्षण उभे राहिले त्यांचे नाव येत नाही. हे तेहमिनांबाबत जितके खरे आहे, तितकेच कातडी सोलणाऱ्या कसबी कामगारांबाबत, गाडीवानांबाबत आणि वाट दाखविणाऱ्या गावकऱ्यांबाबतही खरे आहे.

आफ्रिकेतील समांतर उदाहरणांशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. याच काळात मार्टिन व ओसा जॉन्सन हे अमेरिकन दांपत्य आफ्रिकेत वन्यजीवांचे चित्रीकरण करीत होते. १९३७ मध्ये मार्टिन यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. १९४० मध्ये ओसा यांनी स्वतःच्या नावाने आत्मकथन प्रसिद्ध केले. पुढे १९७४ मध्ये मार्क व डेलिया ओवेन्स हे दांपत्य बोत्स्वानातील मध्य कालाहारीत गेले. एका जुन्या गाडीच्या व तुटपुंज्या सामग्रीच्या आधारे त्यांनी सुमारे सात वर्षे तेथील सिंह व तपकिरी तरसांचा अभ्यास केला. १९८४ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत. कालाहारीतील छावणी आणि हैदराबाद संस्थानातील छावणी यांतील खरा फरक वाळवंट व माळरान हा नाही. एका ठिकाणी स्त्रीला लेखणी मिळाली, दुसऱ्या ठिकाणी ती केवळ आठवणीत राहिली, हा तो फरक आहे.

हट्टा परिसराच्या दृष्टीने महत्त्व

प्रादेशिक इतिहास म्हणजे राजवटी, लढे आणि देवस्थाने एवढाच अर्थ रूढ झाला आहे. हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात औंढा नागनाथ, लष्करी छावणी आणि हैदराबाद मुक्तिसंग्राम यांवर लिहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु भूमीचाही इतिहास असतो. पूर्णा खोऱ्यातील या पट्ट्यात गेल्या शतकात झालेला बदल राजकीय बदलाइतकाच मोठा आहे. कोरडवाहू ज्वारी, कापूस आणि गुरांसाठी राखलेली गायराने हे जुने चित्र होते. येलदरी व सिद्धेश्वर या धरणांच्या कालव्यांनी वसमत भागात बागायत आणली. ऊस आणि हळद ही आज या तालुक्याची ओळख आहे. शेतकऱ्याच्या घरात पैसा आला, ही या बदलाची मोलाची बाजू होय. पडीक माळ नांगराखाली आले, ही त्याची दुसरी बाजू होय.

माळढोक, तणमोर, धाविक, पखुर्डी, चंडोल हे पक्षी गवताळ माळावर जगणारे आहेत. दख्खनच्या माळांवर एके काळी आढळणारा माळढोक आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याच्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले, तरीही ऱ्हास थांबला नाही. असा ऱ्हास मोजावयाचा असेल तर मुळात काय होते हे ठाऊक असावे लागते. १९३१-३२ च्या सर्वेक्षणाचे मोल येथे आहे. धरणे, कालवे, कीटकनाशके यांपूर्वीच्या संस्थानी प्रदेशातील पक्षिजीवनाची ती आधाररेषा आहे. तिच्याशी आजच्या नोंदी ताडून पाहिल्यासच बदलाचे स्वरूप हाती येते.

हे काम करण्यास आफ्रिकेला जाण्याची गरज नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व प्राणिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन गावाच्या गायरानांचे जुने महसुली दप्तर, वृद्ध मेंढपाळ व शेतकरी यांच्या मौखिक आठवणी आणि वर्षभराच्या ऋतुनिहाय पक्षी-नोंदी यांचा मेळ घातल्यास हट्ट्यासारख्या एका गावाचा परिसर-इतिहास सिद्ध होऊ शकतो. शेतात राबणाऱ्या स्त्रियांना पाखरांची जी माहिती असते, तीही अशा अभ्यासात साधन म्हणून नावानिशी नोंदविली गेली पाहिजे. अन्यथा १९३१ मधील मौनाचीच पुनरावृत्ती होईल.

समारोप

हैदराबाद संस्थानातील सर्वेक्षण ही नोकरी गमावलेल्या एका संशोधकाने आणि त्याच्या अनिश्चित आयुष्यात सहभागी झालेल्या त्याच्या पत्नीने केलेली भ्रमंती होती. तिने शिकारीच्या तंबूला अभ्यासाचे स्थान बनविले आणि संस्थानी सत्तेच्या पैशातून लोकोपयोगी ज्ञान निर्माण केले. त्या ज्ञानाचे श्रेय विभागताना इतिहासाने हात आखडता घेतला. संस्थान १९४८ मध्ये लयास गेले. अनेक माळ शेतांत बदलले. मात्र त्या छावणीत लिहिलेल्या चिठ्ठ्यांतील स्थळ-दिनांकांच्या आधारे हरवलेल्या माळाची साक्ष आजही काढता येते. ती काढताना त्या तंबूतील दोन्ही व्यक्तींची नावे घेणे, हे अभ्यासकांचे किमान कर्तव्य ठरते.