फुजी चढलेली गाडी आणि तिचा प्लास्टिकचा टी

जुलै १९५१. टोयोटाचा टेस्ट ड्रायव्हर इचिरो ताइरा जीपसारखी दिसणारी एक गाडी घेऊन फुजी पर्वत चढायला लागला आणि थेट सहाव्या टप्प्यापर्यंत पोचला. तोवर तिथं कुठलीच मोटार गेली नव्हती. जपानचे पोलीस अधिकारी हे बघत होते. त्यांनी पुढे २८९ गाड्यांची ऑर्डर दिली. गाडीचं नाव तेव्हा 'टोयोटा जीप बीजे'. पण ते टिकायची सोय नव्हती, कारण 'जीप' हे नाव विलीजचं. मग १९५४ मध्ये नव्यानं बारसं झालं - लँड क्रूझर.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. वाळवंट असो, यादवीत होरपळणारा देश असो, संयुक्त राष्ट्रांची पांढरी लँड क्रूझर तिथं दिसणारच. लोक ही गाडी घेतात ते एकाच भरवशावर. जिथं जाईल तिथून ती परत आणते.

आता एकदम १९९८ वर येऊ. त्या वर्षी १०० सिरीज आली. अमेरिकेतल्या मॉडेलला ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमची हेड्स. मागच्या सीटवरच्या मंडळींना थंडी वाजू नये म्हणून त्यांच्यासाठी वेगळा हीटर. गाडीचा हीटर म्हणजे काय, तर इंजिनाचंच गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि त्यावर पंखा मारायचा. आता हीटर दोन, म्हणजे पाण्याला वाटा दोन. जाताना एक फाटा, येताना एक. इंजिनाच्या मागे, फायरवॉलजवळ (आपली नेटवर्कवाली नव्हे, इंजिन आणि केबिनमधला पत्रा!) या फाट्यांवर दोन टी बसवलेले आहेत. प्लास्टिकचे.

हे सगळं वाचायची वेळ आली ती कोलोरॅडोतल्या एका मित्रामुळे. त्यानं २००१ सालची १०० सिरीज घेतलीये आणि बायको-पोरांना घेऊन त्याला युटात मोआबच्या वाळवंटात जायचंय. "टी पितळेचे टाकू की प्लास्टिकचे? तू मेकॅनिकलवाला ना?" डिग्री मेकॅनिकलची, पोट जावावर, पण विचारलंय म्हटल्यावर सांगायला नको?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आपल्याकडच्या जुन्या जीपचा रेडिएटर तांब्या-पितळेचा. गळायला लागला की गावातला रेडिएटरवाला झाळून द्यायचा, पुन्हा पाच वर्षं बघायला नको. मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि गाडीचा किलोन् किलो मोजला जाऊ लागला. प्लास्टिक हलकं, गंजत नाही, वेडावाकडा आकारही एका साच्यात निघतो. त्यामुळे 'पैसे वाचवायला प्लास्टिक घातलं' एवढं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. नव्या गाडीपुरता तो निर्णय बरोबरच होता.

गोम पुढे आहे. गरम कूलंटशी संबंध येणाऱ्या अशा भागांना सहसा काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन वापरतात. नायलॉन पहिल्यांदा बनलं फेब्रुवारी १९३५ मध्ये, वॉलेस कॅरोथर्सच्या ड्यूपाँटमधल्या प्रयोगशाळेत. त्याची रसायनं एकमेकांना जोडली जातात तेव्हा प्रत्येक जोडामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. अशी साखळी लांब होत गेली की ते चिवट होतं. आता हेच नायलॉन वर्षानुवर्षं ९० अंशांच्या पाण्यात आणि ग्लायकॉलमध्ये ठेवा. बाहेर काढलेलं पाणी हळूहळू परत आत शिरतं आणि एकेक जोड सोडवत जातं! साखळ्या तुटतात, चिवटपणा जातो. बाहेरून टी तसाच काळा, सुबक. हात लावला की बिस्किटासारखा मोडतो.

आणि चालत्या गाडीत मोडला तर? पंप ढकलतच राहणार, पाणी काही मिनिटांत रस्त्यावर. वाईट म्हणजे सेन्सरभोवती पाणीच उरलं नाही की तापमानाचा काटाही धड खरं सांगत नाही. बिडाचा ब्लॉक कदाचित सोसेल, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं. मोआबच्या उन्हात, फोनला रेंज नसताना, मागे दोन पोरं... असो.

बदलायचं काम दुपारभराचं. इंजिन पूर्ण गार करायचं, थोडं कूलंट काढून घ्यायचं. होज पिळून ओढायचा नाही, ब्लेडनं उभा चिरायचा, कारण आतल्या हीटरच्या नळ्या नाजूक असतात आणि जोर त्यांच्यावर येतो. टीचे तुकडे नळीत राहिलेत का ते बघायचं. होजचे तुकडेही नवेच घालायचे, एवढा हात आत घातल्यावर जुनं रबर कशाला ठेवा? मग कूलंट भरून, हीटर फुल करून, हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं.

माझं मत मी दिलं: पितळ. वीस वर्षांच्या गाडीचं वजन पन्नास ग्रॅमनं वाढलं तर वाढू दे. मित्र म्हणाला, मूळच्या प्लास्टिकनं वीस वर्षं काढली, मी दर पाच वर्षांनी बदलीन. यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. त्यानं प्लास्टिकचेच चार मागवले, दोन लावायला आणि दोन डिकीत ठेवायला.